रेघेच्या वरची जागा

"आता त्यांना हवं तेवढं पाणी द्या," डॉक्टर म्हणाले, आणि जिना उतरेपर्यंत ती खुशीत होती. रिपोर्टांची पिशवी काखेत मारून, कठड्यावरून हात घसरवत, भलत्याच तरतरीत पावलांनी ती खाली येत होती आणि मनातल्या मनात अप्पांना बातमी देऊनही मोकळी झाली होती. घ्या, सुटलात एकदाचे! पेला काठोकाठ भरायचा, त्यांच्यासमोर ठेवायचा आणि ते कसे पितात ते नुसतं बघत बसायचं, इथवर तिची मजल गेली होती. डॉक्टरांनी दोन गोळ्याही बंद केल्या होत्या. चांगलंच की. तळमजल्यावरच्या बाकावर एक बाई आपल्या लहानग्याच्या बुटाची नाडी बांधत होती आणि बांधता बांधता शेजारणीला सांगत होती, "पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय." ते कानावर पडलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तिला पुढची तारीख मिळालीच नव्हती. दर खेपेला फाइल मिटायच्या आधी डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, पेनाने हवेतच घरं मोजत आणि तारीख सांगत. आज त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं नव्हतं. फाइल मिटून तिच्यावर तळहात ठेवला होता, आणि पाण्याचं ते वाक्य बोलताना ते पेनच्या टोपणाकडे बघत राहिले होते.

ती परत वर गेली. आत दुसरा पेशंट शर्टाची बटणं काढत बसला होता. तिने दार अर्धवट ढकलून तिथूनच, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "डॉक्टर, म्हणजे त्यांना बरं वाटतंय ना?" डॉक्टर उठून दारापाशी आले. माणूस वाईट नव्हता. "आता त्यांना त्रास कमी होईल एवढंच बघायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "इतके दिवस तुम्ही छान सांभाळलंत. यापुढे त्यांना तहानलेलं ठेवण्यात काही अर्थ नाही." यावर ती "बरं, थँक्यू" म्हणाली. थँक्यू! दुकानदाराने सुटे पैसे परत केल्यावर म्हणतात तसं. नंतर बसमध्ये उभ्याउभ्या तिला डॉक्टरांचा राग आला नाही, दैवाचा आला नाही, त्या थँक्यूचाच तेवढा येत राहिला, कारण दुसऱ्या कशाचा राग धरायचा तर आधी ती गोष्ट नीट समजून घ्यावी लागली असती.

रेघ तिनेच मारली होती. अप्पांच्या पायांवर सूज आली, बोट दाबलं की खळगा तसाच राहू लागला, आडवं झालं की श्वास कोंडायचा म्हणून ते उशा रचून बसल्या बसल्या झोपायला लागले, तेव्हा याच डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की हृदयाचा पंप दमलाय, आत आलेलं पाणी त्याला उपसवत नाही, ते आधी पायांत साचतं आणि मग छातीत. "एवढंच ना?" अप्पा म्हणाले होते. "पंप दमला तर आवक कमी करायची." त्यांनी जन्मभर ॲसिडचा टँकर चालवला होता, त्यांना या भाषेत सगळं पटकन कळायचं. दिवसाचं पाणी ठरलं, त्याचे पेले ठरले, आणि पेल्यात पाणी कुठवर हे रोज नजरेने ठरवायला नको म्हणून तिने आपल्या कारखान्यातून बाटलीच्या टोपणात थोडा लाल रंग आणला. टाक्यांवरच्या खुणा ज्याने रंगवतात तोच. अप्पांच्या काचेच्या पेल्यावर तिने बाहेरून, निम्म्याच्या किंचित वर, रेघ ओढली. अप्पा पलंगावरून बघत होते. "म्हणजे मी आता टाकी झालो म्हण की," ते म्हणाले. "आणि तू रिसीव्हर, माल मोजून उतरवून घेणारी." "आहेच मी रिसीव्हर," ती म्हणाली. "मग नीट उभी राहा. चहाला पळू नकोस." दोघंही खूप हसले होते. तो पहिला दिवस होता. पुढे हसू आटत गेलं आणि तहान तेवढी उरली.

तहान ही काय चीज असते हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं. अप्पा ओला पंचा तोंडावर घेऊन पडून राहायचे, आणि थोड्या वेळाने त्याचं एक टोक दातांत दिसायचं. चूळ भरताना त्यांचा गळा हलायचा. ती दाराशी उभी राहून त्यांच्या गळ्याकडे बघायची, आणि आपण बापाच्या गळ्यावर पहारा करतोय याची तिची तिलाच शिसारी यायची. एकदा ती बाहेरून आली तर अप्पा गॅलरीत कुंडीखालच्या थाळीशी वाकलेले होते. हनुवटीला माती होती. "अहो अप्पा, काय हे! लाज नाही वाटत?" ती ओरडली होती, आणि अप्पांनी, ज्यांनी तिला लहानपणी कधी एक चापट मारली नव्हती, त्यांनी मार चुकवावा तसा हात वर केला होता. धाकटा भाऊ परगावी होता. तो तिथून फोनवर तहान सांभाळायचा. "ताई, पाण्याचं बघ हं. अगदी कडक राहा." कडक राहायला याच्या बापाचं काय जातं, असं तिच्या मनात यायचं, आणि मग बाप एकच आहे हे आठवून त्याही परिस्थितीत तिला हसू फुटायचं. आज बसमध्ये हसू फुटलं नाही. कुंडीखालची ती थाळी तेवढी डोळ्यांसमोरून हलेना. त्या दिवशी पिऊ दिलं असतं तरी चाललं असतं का? की त्या दिवशी अर्थ होता आणि आज नाही? अर्थ नेमका कोणत्या दिवशी संपला, हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं.

कारखान्याच्या फाटकावर फोन ठेवून घेतात, ते तिला आज बरं वाटलं. आत टाक्यांच्या आवारात ओळखीचा वास होता, नाकाच्या शेंड्याला चावणारा. बुटक्या भिंतीच्या आत चार टाक्या, त्यांतली तिसरी आता नुसता चौथरा. टँकर आधीच येऊन लागला होता. हिवाळा असो उन्हाळा असो, गळ्यात मफलर गुंडाळूनच फिरणारा ड्रायव्हर टायरवर लाथ मारून बघत होता. त्याला सगळे मफलरच म्हणत. तिचं काम सांगायला सोपं होतं. टाकीत जागा किती आहे ते बघायचं, टँकरमध्ये माल किती आहे ते बघायचं, आणि माल जागेत मावणार असेल तरच होजपाइप जोडू द्यायचा. एवढंच. मूलसुद्धा करील. पण वरून माल मागवणारे लोक टाकी रिकामी व्हायची वाट बघत नसत, गाडी दारात आली की तिला परत पाठवणं कुणाच्याच जिवावर यायचं, आणि मग "मावतंय हो, ताई" हे वाक्य ऐकू यायचं. मावायचंही. कारण टाकीच्या अंगावर, वरच्या कडेच्या खाली, लाल रेघेपाशी एक घंटा होती.

ही घंटा खरं तर संकटाची. माल रेघेपर्यंत चढला की आतला तरंगता गोळा वर उचलला जायचा आणि ती वाजायची. ती वाजली म्हणजे कुणीतरी हिशेबात चुकलंय, असा तिचा अर्थ. वाजायचीच पाळी येऊ नये अशी ती वस्तू होती. पण ती पहिल्यांदा वाजली तेव्हा काही बिघडलं नाही. वाल्व्ह बंद केला, झालं. दुसऱ्यांदाही काही बिघडलं नाही. मग हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडलं की घंटा वाजेपर्यंत भरायचं आणि घंटा वाजली की थांबायचं. मीटर हलतं, पातळी दाखवणारी काचेची नळी धुरकटते, हिशेब डोक्यात करावा लागतो. घंटा बरी. ड्रायव्हर कँटीनमध्ये जाऊन बसायला लागले, कारण तिथवर ऐकू यायची. घंटेच्या वर आणखी एक यंत्र होतं, वाल्व्ह आपोआप बंद करणारं, ते भलत्या वेळी बंद करतं म्हणून कुणीतरी तारेने बांधून ठेवलं होतं, आणि साहेबांनी "पुढच्या वेळी कारखाना दुरुस्तीला बंद असेल तेव्हा बघू" म्हणून त्यावर कधीचा पडदा टाकला होता. अप्पांना तिने हे सगळं सांगितलं होतं. अप्पांच्या डाव्या हातावर कोपराखाली एक गुळगुळीत, बिनकेसांचा डाग होता. ती लहान असताना त्यावरून बोट फिरवत झोपायची. एका ठिकाणी टाकी उतू गेली होती, रिसीव्हर जागेवर नव्हता, आणि वाल्व्हपर्यंत धावले ते अप्पा. "आमच्या वेळी घंटा नव्हती," ते म्हणाले, "पण माणसं उभी राहायची. मग घंटा आली आणि माणसं बसली." यावर ती म्हणाली होती की मग तुमचा हात कसा भाजला, तेव्हा तरी माणूस कुठे उभा होता? अप्पांनी डागाकडे बघितलं होतं. "हो, तेही खरंच," ते म्हणाले होते.

तिसऱ्या टाकीचंही तिनेच घरी जाऊन सांगितलं होतं. टाकीचं अस्तर गेलं म्हणून ती भंगारात काढायचं ठरलं. भंगारात द्यायच्या आधी टाकी धुऊन निघावी लागते, म्हणून तिच्यात पाणी सोडलं, ते पार वरून वाहेपर्यंत. एरवी ज्या रेघेपाशी सगळ्यांचे डोळे लागलेले असत त्या रेघेवरून पाणी सरळ वर चढलं, काठावर आलं आणि टाकीच्या चारी अंगांनी खाली ओघळायला लागलं. घंटा वेड्यासारखी वाजत होती आणि कुणी तिकडे ढुंकून बघत नव्हतं. ओल्या टाकीवर ऊन पडलं होतं. तिला ते दिसायला फार छान वाटलं होतं आणि तसंच तिने अप्पांना वर्णन करून सांगितलं. अप्पा ऐकत राहिले. "बिचारी," ते म्हणाले. "जन्मभर वर जागा सोडून राहिली. काठोकाठ भरली ती शेवटच्या दिवशी, आणि तीही पाण्याने." मग त्यांनी पेला मागितला, तिने रेघेपर्यंत भरून दिला, आणि नेहमी कुरकुरणाऱ्या अप्पांनी त्या दिवशी पेल्याकडे एकदा नीट निरखून बघितलं आणि चकार शब्द न काढता ते पाणी प्यायले.

"ताई, घंटा झाली की हाक मारा," मफलर म्हणाला. होज जोडून झाली होती, पंप घुमायला लागला होता, आणि तो कँटीनच्या वाटेला लागलाही होता. तिने मान हलवली. टाकीत जागा किती ते तिने बघितलं होतं. माल किती तेही. मावेल असं तिला वाटलं होतं, निदान वाटलं असावं. आज वजाबाकी करताना तिचं लक्ष नव्हतं, मनातला आकडा आणि कागदावरचा आकडा यांच्यामध्ये कुंडीखालची थाळी येत होती. काचेच्या जाड नळीत पिवळसर ॲसिड सावकाश चढत होतं. ती समोर उभी होती. तिच्याइतकं इमानेइतबारे उभं राहणारं या आवारात कुणी नव्हतं, आणि तिचं मन घरी अप्पांच्या पलंगाशी उभं होतं. सांगायचं? कसं सांगायचं? "अप्पा, डॉक्टर म्हणाले, आता पाणी प्या." याला काय सांगणं म्हणतात? आणि नाही सांगितलं तर उद्यापासून कोणत्या तोंडाने रेघेवर पेला थांबवायचा? काही अर्थ नसताना तहानलेलं ठेवायचं, हे तर कुंडीच्या दिवसाहूनही वाईट. द्यावं. आज घरी गेल्या गेल्या भरून द्यावं, आणि त्यांना काय समजायचं ते समजू दे. पण त्यांना समजेल तेव्हा त्यांचा चेहरा कसा होईल? ते काही विचारतील का? की नुसते पितील? विचारलं तर काय सांगायचं? घंटा वाजली की वाल्व्ह बंद करू, मग निवांत काय ते ठरवू, असं तिने स्वतःला समजावलं. घंटा वाजेपर्यंत तिला वेळ होता. तेवढा वेळ तिने अप्पांचा गळा बघण्यात घालवला, घोट गिळताना वरखाली होणारा, सुकलेला, नीट दाढी न केलेला. घंटा वाजत नव्हती. अजून वेळ होता. किती बरं, अजून वेळ होता. आणि मग तिच्या डोळ्यांना, जे इतका वेळ नळीवरच होते, दिसलं की ॲसिड रेघेच्या वर आहे.

रेघेच्या वर, चांगलं वीतभर. वरून बाहेर पडायच्या तोंडापासून थोडंसंच खाली, आणि चढतंय. ती ओरडली की नाही तिला आठवत नाही. वाल्व्हचं चाक हातात होतं, ते फिरत होतं, पंपाचा आवाज बदलून घरघर झाली, मग तीही थांबली. नळीतली पातळी थरथरली आणि जागेवर राहिली. ती भिंतीच्या कठड्यावर बसली. माल उतू गेला असता तर तो ती जिथे उभी होती तिथेच, वरून, अंगावर आला असता. हे तिला कळत होतं पण त्याची भीती वाटत नव्हती. भीती वेगळीच वाटत होती. नळी डोळ्यांसमोर होती आणि ती घंटेची वाट बघत होती. समोर दिसत असलेल्या गोष्टीवर तिने विश्वास ठेवला नव्हता, कारण ती गोष्ट अजून कुणी वाजवून सांगितली नव्हती.

साहेब आले. वयाने तिच्याहून लहान, डोक्यावर पांढरंशुभ्र हेल्मेट, बोलायला मऊ. "घंटा वाजली नाही?" त्यांनी विचारलं. "नाही." "मग थांबवलंत का?" ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय विचारलं ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण ते वर नळीकडे बघायला लागले. मिस्त्री शिडीवर चढला आणि त्याने घंटेचं झाकण उघडलं. आत तारेची हिरवी भुकटी झाली होती. आजची नव्हती, खूप दिवसांची. "पण मागच्या गाडीला वाजली होती की," मफलर म्हणाला. तो हातातला कप घेऊन तसाच धावत आला होता. "मी ऐकलीय." मिस्त्रीनेही ऐकली होती. साहेबांनाही आठवत होतं की ऑफिसात बसल्या बसल्या कानावर आली होती. तिला विचारलं तेव्हा तीही हो म्हणणार होती, तोंडाशी शब्द आला होता. मग तिला दिसलं की मागच्या खेपेला मफलर कँटीनमधून ओरडला होता, "झाली का हो, ताई?" आणि ती म्हणाली होती, "झाली असेल, बंद करते." तिचं ते ऐकून तो समजला की घंटा वाजली, आणि ती समजली की त्याने ऐकली. सगळ्यांनी दुसऱ्याच्या कानावर भरवसा ठेवला होता आणि घंटा केव्हाच मेली होती.

"दुरुस्त होईल," साहेब म्हणाले. "उद्या-परवा पार्ट येईल. तोवर उगाच बभ्रा नको. संध्याकाळी अजून एक गाडी आहे, पहिल्या टाकीला. सांभाळून घ्या." एरवी ती मान डोलावून मोकळी झाली असती. आज काय अंगात आलं कुणास ठाऊक. "सांभाळून काय घ्यायचं?" ती म्हणाली. "ही मेली, तर पहिलीची जिवंत आहे कशावरून? या घंटांना चिंध्या बांधा आणि सगळ्यांना सांगा, या मेलेल्या धरा म्हणून. मेलेली आहे हे माहीत असेल तर माणूस बघेल तरी. माहीत नसलं तर भरत सुटेल!" तिचा आवाज चढला होता. मफलर कपाकडे बघत होता. साहेब कसनुसे हसले. "बरं, बांधा काय बांधायचं ते," ते म्हणाले. तिने मिस्त्रीकडून लाल चिंध्या घेतल्या आणि उरलेल्या तिन्ही टाक्यांच्या घंटांना शिडीवर चढून स्वतः बांधल्या. खाली मफलर टँकरमध्ये उरलेल्या मालाचं काय करायचं म्हणून कपाळाला हात लावून बसला होता. शिडीवरून तिला तिसऱ्या टाकीचा मोकळा चौथरा दिसत होता, आणि आपण बोललो ते अगदी बरोबर बोललो याची तिला खात्री होती. हीच गोष्ट घरी. लपवायचं नाही. आहे ते आहे.

संध्याकाळच्या पाळीचा रिसीव्हर आला. ताडमाड उंच, त्याला लांब्या म्हणत. तिने त्याला चिंधी दाखवली, घंटा बंद असल्याचं सांगितलं, पुन्हा सांगितलं. "कळलं, ताई, कळलं," लांब्या म्हणाला. "तुम्ही निर्धास्त जा. मी आज इथून हलतच नाही, कान देऊन उभा राहतो." ती त्याच्याकडे बघत राहिली. "कान नको रे," ती म्हणाली. "डोळे." "तेच ते," लांब्या म्हणाला. दुसरी गाडी फाटकातून आत वळत होती आणि तिचा ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीच कँटीन कुठे म्हणून विचारत होता. तिला थांबावंसं वाटलं. पण शेजारच्या मावशी अप्पांपाशी बसलेल्या होत्या, त्यांना घरी स्वयंपाक होता. निघताना तिने वळून बघितलं तेव्हा लांब्या नळीसमोर उभा होता आणि त्याचा चेहरा वर, चिंधीकडे होता.

घरी मावशींनी दारातच कुजबुजत विचारलं, "काय म्हणाले?" ती "सांगते नंतर" म्हणाली. मावशी तिच्या तोंडाकडे बघून चपला घालून गेल्या. अप्पा उशांना टेकून बसले होते. पाय खुर्चीवर, चादरीखाली गाठोड्यासारखे. खिडकीतून अजून थोडा उजेड येत होता. "आलीस का," ते म्हणाले, आणि मग रोज म्हणायचे तेच, तिच्याकडे न बघता, आवाजात जुनी लाडीगोडी आणत, "आज तरी भरून आण गं." ती स्वयंपाकघरात गेली. रेघेचा पेला ओट्यावर पालथा होता. तिने तो सुलटा केला आणि माठातून पाणी घ्यायला लागली. रेघ आली. तिचा हात आपोआप थांबला. इतक्या दिवसांत हात शिकला होता, त्याला डोळ्यांची गरज उरली नव्हती. तिने दात आवळून हात पुढे ढकलला. पाणी रेघेच्या वर चढलं, लाल रंग पाण्यातून जरा पसरट दिसायला लागला, मग पाणी काठाला आलं आणि फुगून उभं राहिलं. पेला उचलताना ते तिच्या बोटांवरून ओघळलं. थंड होतं. अप्पांना किती बरं वाटेल! या एका विचाराने तिचे डोळे भरून आले आणि पाण्याकडे बघत, सांडू नये म्हणून पाय न उचलता, ती पलंगापर्यंत आली.

अप्पांनी हात पुढे केला आणि पेला बघितला. हात तिथेच राहिला. आधी तिला वाटलं की त्यांना उचलायला जड जाईल म्हणून थांबले. पण ते पेल्याकडे बघत होते. काठाकडे, मग तिच्या ओल्या बोटांकडे, मग खाली फरशीवर पडलेल्या थेंबांकडे. ओठ सुकून त्यांना भेगा पडलेल्या होत्या, पाणी पुढ्यात होतं आणि ते घेत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू खाली उतरत गेलं. दर संध्याकाळी ते जे मागत होते ते पाणी नव्हतंच. रोज मागायचं आणि तिने रोज नाही म्हणायचं, त्या नाहीवर ते दिवस काढत होते. हे तिला आत्ता, पेला हातात धरून उभी असताना कळत होतं. घंटा वाजली नव्हती पण पातळी डोळ्यांसमोर होती.

"डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले?" अप्पांनी विचारलं.

"बघितले की."

"काय म्हणाले?"

"पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय," ती म्हणाली.

अप्पांनी पेल्याकडे बोट केलं. "मग हा एवढा का भरलास?" त्यांचा आवाज चिरका झाला होता, घाबरलेल्या मुलासारखा.

"अहो, लक्षच नव्हतं माझं," ती म्हणाली. "कामावर आज घंटा बिघडली. डोकं तिथेच राहिलंय सगळं."

"रिसीव्हर असून?"

"हो ना. द्या इकडे." पेला तिच्याच हातात होता तरी ती द्या म्हणाली. ती मोरीपाशी गेली आणि वरचं पाणी ओतायला लागली. हळू ओतलं, अप्पांना आवाज ऐकू जाईल असं. पाणी जाळीवर पडून खाली जात होतं. चांगलं, पिण्याचं, माठातलं पाणी होतं, आणि त्याची धार तिला बघवत नव्हती. रेघेशी हात थांबला. परत येऊन तिने पेला दिला तेव्हा अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडाला धरला, रेघ बघितली. "असं," ते म्हणाले. "वर जागा हवी." मग त्यांनी ते पाणी घोट घोट करून पुरवलं, प्रत्येक घोट तोंडात घोळवून, आणि शेवटचा थेंब यावा म्हणून मान मागे टाकून पेला जिभेवर उपडा धरला. तहान अजून सगळी तशीच त्यांच्या तोंडावर होती. "कंजूष आहेस अगदी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुठेतरी जीव आला होता.

"उद्या तरी भरून दे."

"नाही मिळणार," ती म्हणाली.

अप्पांनी समाधानाने मान हलवली आणि उशांना टेकले. ती पेला घेऊन वळली. "मंगळवारी किती वाजता?" त्यांनी मागून विचारलं.

"दहाला."

"मग माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेव," अप्पा म्हणाले.